अंबरीषची स्नोमोबाइल

अंबरीष देवधर अकरा वर्षं नागोयात मोटारीच्या सुट्या भागांच्या कंपनीत खरेदी सांभाळत होता आणि भावाची नाडी एकट्या आपल्यालाच सापडते, अशी त्याची ठाम समजूत होती. गरम जॅकेट घ्यायचं एप्रिलमध्ये, पंखा ऑक्टोबरमध्ये. एसीचा भाव उतरेपर्यंत त्याच्या बायकोनं, केतकीनं, एक अख्खा उन्हाळा घामात काढला; पण एसी किती स्वस्तात पडला, हे तो अजून पाहुण्यांना सांगतो.

गेल्या मे महिन्यात त्यानं ताकायामाच्या डोंगरातून तीन लाख येनला एक जुनी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून पळणारी गाडी, उचलली. चालवायला नव्हे, त्यानं बर्फावर साधी घसरगुंडीही केली नव्हती. बर्फ वितळला की घ्यायची आणि थंडीत विकायची, एवढाच बेत. पैसे मात्र दोघांच्या पुण्याच्या तिकिटांचे होते. फेब्रुवारीत केतकीच्या पाठच्या भावाचं, केदारचं लग्न होतं. "चार लाखांना जाईल. वरच्या पैशात त्याला घसघशीत आहेर करू," अंबरीष म्हणाला. मग बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली स्नोमोबाइल आली आणि त्यांची मोटार दहा मिनिटांवर भाड्याच्या जागेत गेली.

नोव्हेंबरात पहिलं गिऱ्हाईक आलं. कुबोता-सान डोंगरात लॉज चालवत. ट्रक घेऊनच आले होते. त्यांनी इंजिन सुरू करून ऐकलं, वाकून पट्टा तपासला आणि किंमत विचारली. चारला द्यायची म्हणजे पाच सांगायची, हे अंबरीषच्या रक्तातच होतं. त्यानं पाच सांगितले. आता समोरचा साडेतीन म्हणणार, आपण कपाळाला हात लावणार, आणि चारवर दोघंही खूश होणार.

कुबोता-साननी रुमालानं हात पुसले. "आपण म्हणता, म्हणजे तेवढं मोल असणारच," असं म्हणून ते कमरेत वाकले आणि रिकामा ट्रक घेऊन गेले. अंबरीष फाटकाशी बराच वेळ उभा राहिला. गिऱ्हाईक कोपऱ्यावरून परत वळतं, असा त्याचा अनुभव होता. तो अनुभव पुण्यातला होता.

"फोन करून कमी सांग ना त्यांना," केतकी म्हणाली.

"आपण फोन केला की संपलंच. बर्फ तर पडू दे, पाया पडत येतील."

जानेवारीत बर्फ पडला, चांगला दणकून. पाया पडायला मात्र दोघंच आले. ज्याला अशी गाडी लागते, तो बर्फ पडायच्या आधीच ती घेऊन ठेवतो, एवढी साधी गोष्ट या खरेदीतल्या शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती. त्यानं दोघांनाही पाचच सांगितले. दोघंही नम्रपणे वाकून गेले. तिकडे केदार फोनवर विचारायचा, "ताई, कधी येतेस?" आणि केतकी त्याला हॉलबद्दल, जेवणाबद्दल काहीबाही विचारत बसायची.

फेब्रुवारी उजाडला तसा तिचा धीर सुटला. अंबरीष ऑफिसात असताना तिनं कुबोता-सानना फोन लावला. त्यांनी नोव्हेंबरातच दुसरीकडून गाडी घेतली होती. "त्या दिवशी मी सव्वाचार लाख खिशात घेऊन आलो होतो. पण तुमच्या यजमानांचा आकडा ऐकल्यावर तेवढेच आहेत म्हणणं मला बरं वाटलं नाही," ते म्हणाले. मग तिनं जानेवारीतल्या दुसऱ्या माणसाला दीड लाख सांगितले. तो दुपारीच येऊन गाडी घेऊन गेला.

संध्याकाळी ताडपत्रीची घडी बघून अंबरीष धापा टाकत वर आला. केतकी बॅग भरत होती. तिनं सगळं सांगितलं, सव्वाचारसुद्धा. तरी तो म्हणालाच, "दीड लाख म्हणजे फुकटच दिलीस. पुढच्या नोव्हेंबरात काढली असती तर..."

"पुढच्या नोव्हेंबरात केदारच्या लग्नाचा अल्बम बघत बसलो असतो."

त्यानं कॅलेंडर पुढे ओढलं. "बरं, रजा कधीपासून टाकू?"

"तुला नाही टाकायची," केतकीनं बॅगेची चेन ओढली. "नोव्हेंबरच्या भावात आपण दोघं बसत होतो. आता मी एकटीच बसते."