देवरामच्या गोळ्या आणि शिंदेभाऊंचा शर्ट

आमची जीप पाड्यावर पोचली तेव्हा तव्यावर नागलीची भाकरी होती, ताटात अर्धी खाल्लेली भाकरी होती, आणि देवराम नव्हता.

"बघा मॅडम," शिंदेभाऊ म्हणाले. "दर खेपेला हेच. रस्त्यावरून हाक मारतो, ‘देवराम हाय का?’ की माणूस गायब."

शिंदेभाऊ हे इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे आरोग्यसेवक. तापाच्या पेशंटचं रक्त घेणं, डासांवर फवारणी करणं, गोळ्या पोचवणं ही त्यांची नोकरी. मी नाशिकच्या एका संघटनेत आहे. जेलमधून सुटलेल्या आदिवासींचे उपचार गावी पुढे चालू राहतात का, हे बघणं माझं काम. बहुतेकदा राहत नाहीत.

देवरामचा गुन्हा काय? आजोबांपासून कसत आलेल्या जमिनीत नागली पेरली. सरकारी कागदावर ती जमीन जंगल. जामीन राहायला कोणी नाही, म्हणून कित्येक महिने आत. तिथे खोकला लागला, टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. मग सुटला, आणि गेटबाहेर पाऊल टाकताच तो कोणाचाच पेशंट उरला नाही. माणूस उचलायचा असतो तेव्हा पाडा बरोबर सापडतो. गोळी द्यायची वेळ आली की तोच पाडा ‘दुर्गम’ होतो!

टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार हटून बसतो, मग साध्या औषधाला दाद देत नाही. म्हणून डॉट्स: आरोग्यसेवकाने एक दिवसाआड समोर बसून गोळ्या द्यायच्या. आमच्या संघटनेने देवरामचं नाव इथल्या केंद्रात नोंदवलं, तरी त्याच्या बऱ्याच खेपा चुकल्या होत्या. केंद्रातले डॉक्टर त्याला ‘डिफॉल्टर’ ठरवायला निघाले होते. म्हणजे औषध टाकून पळालेला.

"ताराबाई, नवऱ्याला बरं व्हायचं नाही का?" मी देवरामच्या बायकोला विचारलं. आवाज चढलाच होता.

तिने शांतपणे भाकरी उलटली. "व्हायचं हाय ना ताई. पण खाकी दिसली का त्याचे पाय थांबत नाय. त्याला नेला तवा बी जीपच आलती. असंच नाव घेऊन हाक मारली."

शिंदेभाऊंनी स्वतःच्या खाकी शर्टाकडे पाहिलं. "अहो, मी मच्छर मारणारा माणूस. मला घरी बायको घाबरत नाही!"

ताराबाई तोंडाला पदर लावून हसली. देवराम मात्र आला नाही.

परत येऊन मी थेट डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले.

"शिंदेभाऊंना साध्या कपड्यात पाठवा. आणि जीप नको."

"युनिफॉर्म कंपल्सरी आहे, मॅडम. उद्या इन्स्पेक्शन झालं तर?"

"आणि उद्या देवराम मेला तर? गोळी महत्त्वाची की बटणं?"

"तुम्ही पत्रक काढणार असाल."

"मजकूर तयार आहे."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "शिंदे काय घालून जातात ते मला इथून दिसत नाही," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला एसटीने उतरून आम्ही पायवाटेने चढलो. शिंदेभाऊंनी मेव्हण्याचा चौकड्यांचा शर्ट घातला होता, पोटावर ताणलेला. हाक मारली नाही. ओट्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने मोहाच्या झाडामागून एक वाळका माणूस खाली आला.

"तुमी कोण?"

"शिंदे. गोळ्या आणल्यात."

"त्या जीपवाल्या शिंद्याचे भाऊ का?"

"मीच तो."

देवराम दोन पावलं मागे सरला. "मंग खाकी?"

"घरी टांगलीय."

"हितं नका आणू."

"नाही आणत."

त्याने गोळ्या गिळल्या. शिंदेभाऊ सवयीने म्हणाले, "तोंड उघड बघू."

"जेलात बी असंच उघडाया लावायचे," देवराम म्हणाला.

त्या दिवसापासून शिंदेभाऊंनी तोंड तपासलं नाही. गोळ्या दिल्या की तिथेच बसून कोरा चहा प्यायचे, भाताच्या गप्पा मारायचे. चहाबरोबर गोळ्या पोटात जातातच.

चुकलेल्या खेपा धरून कोर्स लांबला, पण पुरा झाला. थुंकीची तपासणी स्वच्छ आली. देवराम आता ओझं घेऊन डोंगर चढतो, पळायला नव्हे. त्याची केस अजून तारखांवर चालू आहे. त्यावर गोळी निघालेली नाही.

पत्रक मी काढलंच. मागणी एकच: सुटलेल्या माणसाच्या दारात औषध साध्या शर्टात पाठवा. सरकारचं उत्तर आलेलं नाही. शिंदेभाऊंनी मात्र मेव्हण्याचा शर्ट परत केला आणि स्वतःच्या मापाचे दोन शिवून घेतले.