मोबाइलवरची बारावी

मी बारावी मोबाइलवर पास झालो. तेही मांडीवर बकरीचं पिल्लू घेऊन, कारण ऐन पेपराच्या वेळी ते ओरडायला लागलं आणि कॅमेऱ्यातून कोणी तरी आपल्याला पाहत असेल अशी माझी समजूत होती. कोणी पाहत नव्हतं. कॅमेरा चालूच नव्हता. – हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे.

तुम्ही म्हणाल, हा आणि न सांगता राहिला? देवरीच्या कोणत्याही पानठेल्यावर माझं नाव काढा, माझा एखादा तरी गाढवपणा ऐकायला मिळेल, आणि तो मीच सांगितलेला असेल. दवनीवाड्याला मामेभावाच्या लग्नाला गेलो, तर शेजारच्या मांडवात शिरलो. पोटभर जेवलो, स्टेजवर चढलो, भलत्याच नवरदेवाला आहेर देऊन गळ्यात पडून रडलो. हे मी शंभरदा सांगितलं असेल. पण बघा ना – जो माणूस स्वतःवर एवढा हसतो, त्याच्याजवळ लपवण्यासारखं आणखी काही असेल, असं कोणाच्या मनात तरी येतं का? येत नाही. त्यासाठीच सांगतो मी किस्से.

तर, बारावी. फिजिक्समध्ये दोनदा गेलो. तिसऱ्यांदा जायची लाज वाटली. तेव्हा नेट नुकतंच स्वस्त झालं होतं आणि गोंदियात स्टेशनकडे एका दुकानावर पाटी होती – घरबसल्या बारावी. तिथला माणूस म्हणाला, "टेन्शन मत लो, सब जगह चलता है." बोर्डाच्या वेबसाइटवर पांढऱ्या इमारतीचा फोटो होता, समोर हिरवळ, कारंजं. अशी इमारत खरंच कुठं असेल का, अशी शंका मला आली होती. हे मुद्दाम सांगतो. शंका आली होती. मी ती गिळली. निकालात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क होते. मी प्रयोगशाळेचं दारसुद्धा ढकललं नव्हतं.

इथल्या, देवरीच्या कॉलेजात तेव्हा जे जुने बाबू होते, त्यांनी ती मार्कशीट उलटसुलट पाहिली. बाहेरच्या बोर्डाचा विद्यार्थी आला की त्याला आधी तात्पुरता प्रवेश द्यायचा, मग कागद विद्यापीठाकडे पाठवायचे. हे बोर्ड चालतं की नाही ते विद्यापीठ सांगतं. बाबू म्हणाले, पाठवतो. पाठवले का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तीन वर्षं मी वर्गात मागच्या बाकावर बसून शिपायाच्या पावलांचा आवाज ऐकत होतो – आता बोलावतील, आता बोलावतील. कोणी बोलावलं नाही. मी बी.ए. झालो. पुढे बाबू रिटायर झाले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. प्रवेशाची खिडकी. दुसऱ्यांची बारावी खरी की खोटी, ते पाहायचं काम.

तुम्हाला हसू आलं असेल. सुरुवातीला मलाही आलं होतं. मग विद्यापीठाची एक समिती तपासणीला आली आणि त्या दिवशी मी सकाळपासून संडासाच्या आसपासच राहिलो. प्राचार्य सरांना वाटलं, लग्नातलं जेवण बाधलं. मी तसंच सांगितलं, वर एक किस्साही जोडला. समिती चहा पिऊन गेली. तेव्हापासून गेटवर अनोळखी गाडी थांबली की मी खिडकी सोडून आत जातो. लग्न झालं, मुलगी झाली, ही सवय राहिलीच.

आता येतो त्या पोरीवर. किती वेळ तिच्याभोवती फिरतो आहे, पाहिलं ना तुम्ही?

मागच्या वर्षी जूनमध्ये प्रणाली खिडकीत आली. चिचगडकडची. अकरावीत असताना आईला लकवा मारला, म्हणून शाळा सोडली. मग देवरीत एका औषधाच्या दुकानात कामाला लागली आणि तिथंच काउंटरवर, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, तिनं बारावीचा अभ्यास केला. तिनं कागद पुढे सरकवला आणि तो हातात घ्यायच्या आधीच मी शिक्का ओळखला. तेच बोर्ड. तीच पांढरी इमारत, आता मार्कशीटच्या कोपऱ्यात रंगीत छापलेली.

"सर, हे चालते का?" तिनं विचारलं.

फरक ऐका. मला शंका होती आणि मी ती गिळली. तिला शंका नव्हती. तिनं खरोखर अभ्यास केला होता. स्वतःच्या अक्षरात लिहिलेले धडे पिशवीत घेऊन आली होती, कोणी विचारलं तर दाखवायला. मी त्या बोर्डाच्या आडून फसवत होतो. ती, फार तर, फसली असेल.

बाजूच्या टेबलावरचा आमचा अकाउंटंट, गोंदियाहून येणारा, मान वर न करता म्हणाला, "यूनिवर्सिटी को भेज दे ना यार, तेरा क्या जाता है?"

माझं काय जात होतं? सांगतो. पत्र पाठवलं असतं तर त्यात बोर्डाचं नाव लिहावं लागलं असतं. नाव वाचलं की तिकडून कोणी तरी विचारलंच असतं – या बोर्डाचा विद्यार्थी याआधी घेतला होता काय? त्याला एकच उत्तर होतं, आणि ते पगार घेऊन खिडकीत बसलं होतं.

मी तिला म्हणालो, पाठवतो, पुढच्या आठवड्यात ये. आणि पाठवलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती वडिलांना घेऊन आली. चिचगडहून बसनं. मागे पोरांची रांग होती. मी म्हणालो, विद्यापीठानं नाही म्हटलं. – तोंडातून इतकं सहज निघालं ते, जसं खरंच कोणी फोनवर सांगितलं असावं. तिनं विचारलं, तसं लेखी देता का? तिथं मी सापडलो असतो. लेखी काय देणार होतो मी? तेव्हा मी तेच केलं जे मला येतं. मोठ्यानं म्हणालो, "काय बाई, मोबाइलवर बारावी होऊन राहिली! उद्या नवरदेवबी मोबाइलमधूनच निघन, अन् वराती बिनाजेवनाच्या जातीन!"

रांग हसली. आणि तिचे वडील – तेही हसले. सर काही गमतीचं बोलले तर हसावं, एवढंच त्यांना समजलं होतं. पोरगी हसली नाही. तिनं वडिलांचा हात धरला आणि त्यांना रांगेतून बाहेर नेलं.

आता सगळ्यात वाईट ते सांगतो. मला हलकं वाटलं. मी चहा मागवला. चहाबरोबर समोसाही मागवला.

ते बोर्ड चालतं का? आजही मला माहीत नाही. कोणी म्हणतं अमुक राज्यात चालतं, कोणी म्हणतं प्रकरण कोर्टात आहे. एक कॉलेज घेतं, दुसरं दारातून परत पाठवतं. कदाचित विद्यापीठानं तिला नाहीच म्हटलं असतं. पण ते विद्यापीठानं म्हणायचं होतं. एक जुना बाबू मला दार उघडं ठेवून गेला, आणि मी त्याच दाराला आतून कडी लावली – हे दार होतं, हेसुद्धा तिला कळू दिलं नाही.

या वर्षी ती परत आली. प्रायव्हेट म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य बोर्डाची बारावी दिली होती. फिजिक्ससकट पास. तिच्याबरोबर दहावीला असलेल्या पोरी आता शेवटच्या वर्षाला आहेत. ती पहिल्या वर्षाच्या रांगेत उभी होती. मला ती लांबूनच दिसली आणि माझे कान गरम झाले. पळावं? शिपायाला बसवावं खिडकीत? तोवर तिचा नंबर आला.

कागद हातातच धरून ती म्हणाली, "मागच्या साली मी गोंदियाच्या कॉलेजात गेलती सर. तिथल्या म्याडम म्हनल्या, तुह्या कॉलेजनं विद्यापीठाले पाठवलं असतं तं तात्पुरता प्रवेश भेटला असता. आता तारीक गेली म्हने. तुमी तं पाठवलं म्हनलं होतं."

अकाउंटंटनं यावेळी मान वर केली.

मी काय केलं असेल? माफी मागितली? नाही. मी दात काढले. अरे, बस ना बाई, म्हणालो, उन्हातून आली, पानी पी. यावेळी काहीच अडचण नाही. तुझा फॉर्म मीच भरतो, मीच जमा करतो, सरांची सहीपन मीच आणून देतो. – आणि तिचे कागद घ्यायला मी खिडकीतून हात बाहेर काढला.  

तिनं कागद छातीशी ओढले.

"तुमी नोका हात लावू," ती म्हणाली. "खिडकीत दुसऱ्या कोनाले बसवा."