कुशीवर निजलेली मुरी

दवाखान्यातल्या काचेच्या टाकीत आमच्या कोयनेतली मुरी आहे. बोटाएवढी मासोळी, अंगभर पट्टे. ती बडोद्याला कशी पोचली, कोण जाणे. मीही सातवीतून शाळा सोडून इथंच आले, फरशी पुसायला.

काल ती वाळूवर आडवी पडलेली दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेली गं ही. काढून टाक."

"नाही बाई, मुरी अशीच निजते. नदीत दगड उचलला की अशाच दिसायच्या."

"तुमच्या गावचे मासेपण कुशीवर झोपतात होय?" त्या हसल्या, पण त्यांनी माझं ऐकलं. माझं कुणी ऐकतं, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या आत गेल्या आणि मलाच धीर धरवेना. गावाहून निघाले त्या पहाटे आई अशीच भिंतीकडे तोंड करून निजली होती. झोपमोड नको म्हणून हाक न मारताच मी एसटी गाठली. इथं पोचले तर फोन आला, आई गेली. मी निघाले तेव्हा ती नुसती झोपलेली होती का, ते कुणालाच सांगता येत नाही.

मी काचेवर बोट टेकवलं आणि हळूच म्हटलं, "आई, येते गं."

मुरी दचकून उठली आणि दगडाखाली शिरली.