टरफलांवरून लागलेले नंबर

किसनकाका पिक्चर लागला की पडद्याकडे पाठ करून बसत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. आईचा मिक्सर बंद पडला होता म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते. पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत संसार, मधे दार नाही. टीव्हीवर एका इंग्रज गुप्तहेराचा जुना चित्रपट हिंदीत चालू होता. काकू सुपात तुरीची डाळ निवडत तो बघत होत्या आणि काका मांडीवर उघडा पंखा घेऊन, टीव्हीकडे पाठ करून, काकूंकडे टक लावून बसले होते. मला वाटलं, यांचं काहीतरी भांडण चाललंय. मी उंबऱ्यावरच थांबले. काकांनी बोट वर करून मला गप्प राहायची खूण केली.

"आता पाह्य. आता हिचा हात थांबते."

टीव्हीवर कुणीतरी कुणाच्या तरी मागे जिन्यावरून धावत होतं. सुपातला काकूंचा हात थांबला.

"थांबला!" काका म्हणाले. "म्हंजे हा तेरावा पिक्चर अजून चालते. तेरावा पाच नंबरवर पक्का."

"माह्या हातावरून नंबर लावता," काकू म्हणाल्या, "अन् डाळीतले खडे कोन पाहीन? तुमचा हिरो?"

कारंज्यात त्यांना सगळे ऑपरेटर म्हणत. गावातल्या टॉकीजमध्ये त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ मशीन चालवलं होतं. टॉकीज बंद पडली, तिथे खताचं गोदाम झालं आणि काका पंखे-मिक्सरकडे वळले. पण बोलणं टॉकीजचंच राहिलं. मिक्सरमधून जळका वास आला की म्हणत, "इंटरवल झाला याचा." एखादं गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणत, "बस ना बापा, पिक्चर सुरू व्हाचाच हाये."

त्या गुप्तहेराचे चित्रपट माझे आजोबा तरुण होते तेव्हापासून निघताहेत. नट म्हातारा झाला की नवा येतो, हिरो तोच राहतो. जगभर त्याचे चाहते आहेत आणि त्यांचा एकच उद्योग असतो: कोणता चित्रपट पहिला आणि कोणता शेवटचा याची यादी लावायची, आणि दुसऱ्याची यादी मोडून काढायची. काकांना इंग्रजी नावं उच्चारता येत नव्हती. ते चित्रपटांना नंबरानं ओळखत. दुसरा, सहावा, नववा. टॉकीजमध्ये आलेले सगळे त्यांनी दाखवले होते आणि पुढचे टीव्हीवर पाहिले होते. त्यांची यादी कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहिलेली होती.

मीही त्या चाहत्यांपैकीच. शाळा इंग्रजी माध्यमाची, मग बाहेरगावी इंजिनिअरिंग, मग नोकरी मिळेना म्हणून परत घरी. मला लोकांसमोर बोलता येत नाही. वर्गात उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. फोनवर त्या चित्रपटांच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, सगळा कारभार इंग्रजीत. पुण्याचा एक जण तो चालवायचा. बंगळुरूच्या एकाला सगळे प्रोफेसर म्हणायचे, कारण त्याला कोणता चित्रपट कोणत्या कॅमेऱ्यानं काढला हेसुद्धा पाठ होतं. दोन वर्षं मी तिथे नुसती वाचत होते. एक ओळ लिहायची हिंमत झाली नव्हती.

काकांकडे मात्र मी बोलू लागले. मिक्सर नीट झाल्यावरही जात राहिले. ते मला इंग्लिशबाई म्हणत.

"काय म्हनते इंग्लिशबाई, तुहा एक नंबर कोनता?"

"सतरावा."

"सतरावा? अवं, त्यात हिरो दोन घंटे रडून राह्यला! बायको मेली म्हनून रड, साहेबानं झापलं म्हनून रड. तो गुप्तहेर हाये का नवरदेवाची करवली?"

"काका, तो माणूस आहे हे दाखवायचं होतं त्यांना."

"मानूस आमच्या गल्लीत लय हायेत. तिकीट काढून कायले पाह्यचे?"

मग त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. शो संपला की टॉकीज झाडायचं कामही त्यांचंच होतं. लोक शेंगा घेऊन आत यायचे. पिक्चर कंटाळवाणा असला की शेंगा फुटत राहायच्या आणि खुर्च्यांखाली टरफलांचा ढीग पडायचा. पिक्चर चांगला असला की लोक खायचं विसरायचे, शेंगा खिशातच घरी जायच्या. "लोकं तोंडानं खोटं बोलते," काका म्हणत. "बाहेर निंगताना म्हनते, मस्त होता. पन झाडू खोटं बोलत नाई. अकराव्याले मी दोन पोते टरफल काढलं. नववा लागला तवा झाडायले काईच नोतं. मी झाडू घेऊन नुसताच फिरलो."

म्हणून नववा पहिला. त्यांच्या यादीत खाली वर काहीही होवो, नववा हलत नसे.

एका संध्याकाळी मी ही टरफलांची पद्धत इंग्रजीत लिहिली आणि ग्रुपवर टाकली. 'आमच्या गावात नंबर असे लागतात' अशी सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी उठून पाहिलं तर शंभरावर उत्तरं. लोकांना वाटलं, ही मुलगी काय गमतीदार लिहिते, हिनं केवढी भन्नाट कल्पना काढली. मला एका ओळीत सांगता आलं असतं की कल्पना माझी नाही. मी आभार मानले.

मग मी नेमानं लिहू लागले. काका बोलायचे, मी घरी येऊन इंग्रजीत मांडायचे. उत्तरं आली की त्यांना मराठीत वाचून दाखवायचे. ते हातातलं काम ठेवून ऐकायचे. ग्रुपवरच्या दिल्लीच्या एका बाईला तुमचं पटलं म्हटलं की काकूंना हाक मारायचे, "ऐकलं का? दिल्ली!"

पहिल्यांदा वाचून दाखवलं त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "माहं नाव टाकलं ना?"

"हो काका."

"काय टाकलं?"

"किसनकाका."

"तसं नको टाकू. काका तं कोनीबी असते. किसन सखाराम, ऑपरेटर, कारंजा. असं टाक." मग म्हणाले, "पोस्टरवर नटाचं नाव, गेटवर मालकाचं. ऑपरेटरले लोकं कवा हाक मारते? रीळ तुटलं म्हंजे. अन् ते बी शिवी देऊन."

मी मान डोलावली. नाव मी टाकलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मला नाव देण्यात कसली अडचण होती याचा मी पुष्कळ विचार केलाय. अडचण कसलीच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं ऐकत होते, एवढंच.

नवा चित्रपट यायचा होता, तेव्हा ग्रुपनं एक पुस्तिका काढायचं ठरवलं. निवडक दहा जणांच्या याद्या, प्रत्येकाचं टिपण, फोनवर वाचता येईल अशी. दहांत माझं नाव आलं. मी काकांना सांगितलं, "तुमची यादी छापून येणार." ते उठून कपाटाकडे गेले. जुना खडू ओल्या फडक्यानं पुसून त्यांनी सगळी यादी नव्यानं लिहिली आणि मला फोटो काढायला लावला.

यादी पाठवली आणि प्रोफेसरचा मेसेज आला. 'नववा पहिला? तू शेवट पाहिलास ना? ज्यानं शेवट पाहिलाय तो नवव्याला पहिल्या दहातसुद्धा घेणार नाही.' मला काहीच समजेना. मी नववा कधी पाहिलाच नव्हता, काकांच्या तोंडून ऐकला होता. त्या रात्री पाहिला. काका सांगत तसंच सगळं होतं. हिरो आणि त्याचा जुना मित्र शेवटी एका होडीत बसून हसतात. पण त्यानंतर आणखी पंधरा मिनिटं चित्रपट होता आणि त्यात तो मित्र हिरोला शत्रूच्या हवाली करतो.

सकाळी मी काकांना विचारलं. ते जराही गडबडले नाहीत.

"हाये ना दगा. शेवटच्या रिळात. मी लावलंच नाई."

"लावलंच नाही?"

"सहाच्या शोले निम्मी पब्लिक शेलूबाजारकडची. नऊची येष्टी गेली का ते लोकं अडकले. पिक्चर लांबडा. मंग लोकं शेवटाले उठून पळत, काई पाहेत, काई नाई. रिळांची पेटी आली तवा मी एकटाच बसून पुरा पाह्यला. म्हटलं, होडीत हसतात तिथं पिक्चर बरोबर संपते. शेवटचं रीळ डब्यात ठेवलं. तीन आठवडे चालला. लोकं हसत हसत येष्टीत बसले."

"पण काका, मग तो खरा चित्रपट नाही ना."

"खरा कोनता? लोकाईनं पाह्यला तो पिक्चर. डब्यात राह्यलं ते रीळ."

हे वाक्य मी तसंच्या तसं लिहून पाठवलं असतं तर त्या पुस्तिकेतलं ते सगळ्यात चांगलं वाक्य ठरलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते लिहायचं म्हणजे ऑपरेटर कोण हे सांगायचं, आणि मग टरफलं कुणाची हेही सांगायचं. मी नववा उचलून चौथ्या जागी ठेवला, सहावा वर घेतला आणि प्रोफेसरला लिहिलं, 'चूक झाली, घाईत टाइप केलं.'

पुस्तिका आली. मी फोनवर काकांना दाखवली, भराभर पानं सरकवली. ते म्हणाले, माझ्या फोनवर पाठव. मी पाठवली, कारण काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. हे वाक्य लिहायच्या आधी मी हे टिपण दोनदा अर्धवट सोडलं आहे.

त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून आमच्या पानाची रंगीत प्रत काढून आणली आणि दुकानात भिंतीला चिकटवली. आठवडाभर येईल त्याला दाखवत होते. मग हायस्कूलचे इंग्रजीचे सर पंखा घेऊन आले. काका म्हणाले, सर, जरा मोठ्यानं वाचा, हिलेबी ऐकू द्या. सरांनी वाचलं आणि मराठीत अर्थ सांगितला. मी तिथे नव्हते. काकूंनी मला नंतर सांगितलं. सर गेल्यावर काकांनी तो पंखा उघडला, पुन्हा बंद केला, आणि जेवले नाहीत.

मी गेले तेव्हा भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे होते. काका मान वर न करता म्हणाले, "नाव नाई टाकलं तं नाई टाकलं. ते मी समजलो. पोरीची जात, तुले बी कोनी विचारत नसन. पन नववा चौथा काहून केला?"

मी भिंतीवरची चिकटपट्टी नखानं खरवडू लागले.

"माह्या नावानं खोटी यादी टाकली असती तं मी भांडलो असतो. तू तुह्या नावानं माही यादी टाकली, अन् ते बी मोडून. आता भांडू कोनासंग?"

पंधरा दिवस मी त्या गल्लीतून गेले नाही. मग बसून एक लांब कबुली लिहिली. टरफलं कुणाची, नववा पहिला का, शेवटचं रीळ कुणी आणि कशासाठी ठेवून दिलं, सगळं. खाली त्यांनी सांगितलं होतं तसं पूर्ण नाव. आधी इंग्रजीत लिहिलं, मग त्यांच्यासाठी मराठीत. मी ते घेऊन गेले आणि काकूंसमोर, दुकानातल्या एका गिऱ्हाइकासमोर उभी राहून वाचलं. इतक्या लोकांसमोर मी प्रथमच काही वाचत होते. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चांगलं लिवलं," ते म्हणाले. "पन हे तू मले वाचून राह्यली. त्याईले वाचलं का?"

"अजून नाही."

"मंग?"

"तुम्हाला आधी दाखवावं म्हटलं."

"मी हो म्हनीन, जाऊ दे म्हनीन, मंग टाकाची गरजच नाई पडनार. असंच ना?"

मी नाही म्हणाले. पण त्यांनी नेमकं ओळखलं होतं. मी त्या आशेनंच गेले होते. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "तुमची मोटर पाहू द्या."

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले नाही. त्या घरी पुन्हा पाऊल टाकलं ते थेट फेब्रुवारीत, ते गेल्याचं आईनं सांगितलं तेव्हा. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि वाशिमला नेईपर्यंत संपलं. बायका बसल्या होत्या त्यात मी जाऊन बसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही ह्यांची मैत्रीण. इंग्लिशमध्ये लिवते." त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं की मानानं, मला आजही सांगता येत नाही. मान असेल तर ते जास्त वाईट आहे.

ती कबुली अजून माझ्या फोनवर आहे, न पाठवलेली. गेल्या महिन्यात नवा चित्रपट आला, ग्रुपवर पुन्हा याद्या सुरू झाल्या आणि कुणीतरी नव्या माणसाला टरफलांची पद्धत समजावून सांगताना माझं नाव घेतलं. मी वाचलं आणि फोन ठेवला. आता ती कबुली टाकली तर लोक हळहळतील, किती सुंदर लिहिलंस म्हणतील, आणि ती हळहळसुद्धा मलाच मिळेल. न टाकण्यासाठी हे कारण मला फार सोयीचं आहे, हेही मला कळतं.

म्हणून हे मराठीत लिहिलं. माझी मराठी कच्ची आहे, वेळ लागला. पण मराठीच निवडली, कारण त्या ग्रुपातलं कुणीही हे वाचणार नाही.