जाऊबाईंच्या अंगावरच्या जांभळ्या रेघा

माझ्या थोरल्या जाऊबाईंची कॅन्सरची ट्रीटमेंट मी शिकेकाईने धुऊन टाकली.

निदान वर्षभर तरी मी असंच धरून चालले होते.

आज त्यांची, सुभद्राबाईंची तिथी. साठच्या दशकातली गोष्ट. त्यांना पाहिलेलं माणूस घरात आता मी एकटीच उरले, म्हणून ही पोस्ट. टायपिंग माझंच आहे, चुका पोटात घाला.

लग्न होऊन मी आर्णीजवळच्या आमच्या गावात आले तेव्हा अठराची होते. जाऊबाई पस्तिशीच्या. कापूस वेचायला वाकल्या की दुपारपर्यंत कंबर सरळ करायच्या नाहीत. संध्याकाळी भरलेलं गाठोडं एकट्याच डोक्यावर घ्यायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

माझी वेचणी बघून म्हणाल्या, "कमल, तू कापूस येचून राह्यली का पूजेचे फुलं तोडून राह्यली?"

मग त्यांच्या छातीत गाठ निघाली.

नागपूरला ऑपरेशन झालं. नंतर 'लाइट' सुरू झाला. रेडिएशन हा शब्द गावात कुणाला माहीत नव्हता, सगळे 'लाइट देतात' म्हणायचे. तो नेमका कुठे द्यायचा, त्याची खूण म्हणून डॉक्टर अंगावर शाईच्या रेघा काढायचे.

दिवाळीला भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, त्यांना एसटीने घरी घेऊन आले.

"रक्त कमी झालं तिचं. सनापुरतं आनलं, मंग पुन्हा नेतो," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

घरात येताना जाऊबाई उंबरठ्याशी दोनदा थांबल्या. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरायच्या, तरी सांडायचा. वेणी घालायला हात खांद्याच्या वर जात नव्हता. चार घास खाल्ले की त्या जेवणानेच दमून आडव्या व्हायच्या.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी.

भासरे आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नसत. ते आले की मी पदर ओढून आत. मला काही सांगायचं असलं तर ते जाऊबाईंना सांगायचे आणि जाऊबाई मला. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण त्यांचा एक शब्द माझ्याकडे थेट आला नव्हता.

तर त्यांनी रीतीप्रमाणे जाऊबाईंनाच सांगून ठेवलं होतं, "तिले सांगजो, त्या रेघाइले पानी लागू द्याचं नाही."

जाऊबाईंनी मला ते सांगितलंच नाही.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला, ऊन वर आल्यावर, मी त्यांना पाटावर बसवलं. त्यांना सरळ बसवत नव्हतं. मी मागे बसून त्यांना माझ्या गुडघ्यांशी टेकवून घेतलं. त्यांचं वजन म्हणून जाणवत नव्हतं.

लुगडं उतरवलं तर छातीची कातडी काळी पडलेली. तिच्यावर जांभळ्या शाईचा चौकोन.

"हे काय वो बाई?"

"डाक्टरनं काढलं. घास."

"दुखन ना."

"हळू घास. पन घास."

तेल लावलं. उटणं, शिकेकाई, गरम पाणी. मोरीतून जांभळं पाणी वाहून गेलं.

डोळे मिटून म्हणाल्या, "आत्ता जरा मानसात आल्यावानी वाटून राह्यलं."

भाऊबीज झाल्यावर त्या जागेला मलम लावताना भासऱ्यांनी पाहिलं. तडक स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि भिंतीकडे तोंड करून ओरडले, "रेघा कोनं पुसल्या?"

मी उत्तर देऊ शकत नव्हते. रीत.

खाटेवरून जाऊबाईच म्हणाल्या, "म्या घासाले लावलं. तिच्यावर कायले संतापून राह्यले?"

"आता डाक्टरले काय दाखवू? आता नाही नेत मी तुले."

आणि खरंच नेलं नाही. माघात जाऊबाई गेल्या.

आता म्हणे बारीक टिंबं गोंदवतात आणि अंघोळ करू देतात. भाचीने सांगितलं. तेव्हा शाई असायची, आणि ती पुसली तर पुन्हा काढता येते हे मला कोण सांगणार? जाऊबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "मनाले लावून घेऊ नको वो." मला तो त्यांचा चांगुलपणा वाटायचा. सासूबाई तोंडावर काही बोलल्या नाहीत. विहिरीवरच्या बाया बोलल्या.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी वडे तळत होते.

भासरे दाराशी येऊन उभे राहिले. मी पदर ओढला. या वेळी ते माझ्याकडे बघून बोलले.

"तुमच्यानं काही झालं नाही. दिवाळीच्या आंधीच डाक्टरनं सांगतलं होतं, आता लाइट बंद, घरी न्या. मले कोनाले सांगवलं नाही. रेघा हायेत तवरोक वाटे का इलाज चालू हाय."

मला राग आला. आजही येतो. वर्षभर एक मरण माझ्या माथी ठेवून हा माणूस माझ्याच हातचं जेवत होता.

मीही रीत मोडली आणि विचारलं, "बाईले मालूम होतं?"

"डाक्टर तिच्यासमोरच बोलले."

एवढं बोलून ते अंगणात गेले. ब्राह्मण येऊन बसला होता, मी उरलेले वडे तळायला घेतले. आम्ही दोघं पुन्हा कधी त्यावर बोललो नाही.

सुभद्राबाई, नवऱ्याची आशा मोडू नये म्हणून तुम्ही गप्प बसलात, ते मला समजतं.

पण मला सांगायचं होतंत.

त्या अंघोळीला मी घाई केली नसती. आणखी पाणी तापवलं असतं.

तुमच्या धाकटीचा नमस्कार.