छप्पर नसलेला बर्फ

भाऊ खुर्चीवर बसल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे आले की सोफ्याच्या पाठीला हात टेकून उभे राहायचे, चहा उभ्यानंच प्यायचे, आणि कप हातात घेऊन हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून बागेच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालायचे. माझ्या नवऱ्याला, शिरीषला, ते बघूनच गरगरायचं. "भाऊ, बसा हो दोन मिनिटं," तो म्हणायचा. "बसतो ना," म्हणत भाऊ पुन्हा बागेकडे वळायचे. इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्समध्ये झाडून सगळे गाडीनं फिरतात. हा एकटा माणूस लाल पायवाटांवरून दुकानात, स्टेशनवर, लोकांच्या घरी चालत जायचा. फोन केला की आधी "जय भीम" ऐकू यायचं, मग धाप, आणि मग, "बोल पुणेकर, काय करून राहिली?"

भाऊ मूळचे नागपूरचे, धंद्यानं सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढायचा पगार मिळतो मला, असं ते अभिमानानं सांगायचे. पगार नसला तरी काढायचेच म्हणा. एका शब्दाचं त्यांना वावडं होतं, आणि तो आम्हा मराठी माणसांच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा येतो. "चालेल म्हणू नका," ते बजावायचे. "चालेल म्हणजे तपासलेलं नाही." मी एकदा त्यांना विचारलं होतं, पोळ्या थोड्या जाड झाल्यात, चालतील का? त्यांनी एक उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "दोन पास, एक फेल." राग आला होता मला. फेल झालेली त्यांनीच खाल्ली.

सेहेचाळिसाव्या वर्षी हा माणूस स्कीइंग शिकला. आमच्या गावात एका भल्यामोठ्या शेडमध्ये बारा महिने बर्फाचा उतार असतो. दर बुधवारी ऑफिसच्या आधी भाऊ तिथे जायचे. पहिले सहा महिने लहान लहान मुलं त्यांच्या बाजूनं सुळकन निघून जायची आणि भाऊ बसलेले असायचे. बसण्याचा तेवढाच काय तो सराव. पण शिकले. चांगले शिकले. आणि मग एकच धोशा लावला, "पुणेकर, हे फ्रीजमध्ये स्की केल्यासारखं होऊन राहिलं. मला एकदा छप्पर नसलेल्या बर्फावरून खाली यायचंय."

म्हणून शामोनी. फ्रान्सच्या आल्प्समधलं हे गाव मोठं, लांबच लांब दरीत पसरलेलं. उतार एका जागी नाहीत, इकडे एक, तिकडे एक, मध्ये बस. म्हणजे राहायचं कुठे इथूनच वाद. शिरीषला गावाच्या मध्यभागी राहायचं होतं, मला खिडकीतून डोंगर हवा होता. भाऊंनी नकाशा भिंतीला चिकटवला आणि तीन संध्याकाळी त्याच्यासमोर फेऱ्या मारून निकाल दिला: नवशिक्यांच्या उतारापासून आणि बस थांब्यापासून बूट घालून चालता येईल एवढ्याच अंतरात. स्कीचे बूट घालून माणूस किती चालू शकतो, हे त्यांनी लाल पायवाटेवर स्वतः चालून मोजलं होतं. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी त्यांना तुम्ही बरे आहात ना, असंही विचारलं.

आम्ही नऊ जण होतो. भाऊंनी शेअर केलेल्या शीटमध्ये नऊ ओळी होत्या. पासपोर्टची मुदत, युरोपचा व्हिसा, बुटाचं माप, गुडघ्याची तक्रार, आणि शेवटी एक रकाना: "परत येताना इथला व्हिसा शाबूत?" प्रत्येकाला फोन करून, कागद डोळ्यांनी बघून मगच ते तिथे तारीख घालायचे. शीट इतकी भरत गेली की पुढे मी ती उघडणंच सोडलं. भाऊ आहेत ना, मग कशाला बघायचं?

डिसेंबरात भाऊंच्या कंपनीनं त्यांची अख्खी टीमच बंद केली. इथे कायम राहायची परवानगी मिळायला त्यांना जेमतेम सात महिने उरले होते. दुसरी कंपनी मिळाली, पण मालक बदलला की व्हिसाचा अर्ज नव्यानं. आणि त्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं की अर्ज रद्द धरतात. ज्या दोन गोष्टींसाठी हा माणूस जीव टाकत होता, त्या अशा एकमेकींच्या आड आल्या. आम्ही विचारलं की म्हणायचे, "तीन आठवड्यांत येतं म्हणतात उत्तर. ट्रिपला पाच आहेत." आणि पुन्हा बागेच्या दारापर्यंत जाऊन यायचे. फेऱ्या वाढल्या होत्या. चहा अर्धा राहायला लागला होता.

फेब्रुवारीतल्या शाळेच्या सुट्टीत आम्ही निघालो. मिनीबस भाऊच चालवत होते. विमानतळावर सामान उतरवताना मी बॅगा मोजल्या. आठ.

"भाऊ, तुमची बॅग?"

"नाही आली." मला वाटलं बॅगेबद्दल बोलतायत. मग त्यांनी माझ्या हातात निळी फाईल दिली. "उत्तर नाही आलं, पुणेकर. काल संध्याकाळी पाच वाजेपर्यंत बघितलं."

"अहो, मग आधी सांगायचं ना आम्हाला."

"काहून? तुम्ही रद्द केलं असतं." ते गाडीत बसले. "बाकीच्यांना आत गेल्यावर सांग. इथे गाडी जास्त थांबवता येत नाही."

विमानात मी फोनवर उतरवलेली ती शीट उघडली. आठ ओळींत आठ तारखा होत्या. नवव्या ओळीत, भाऊंच्या नावासमोर, त्यांनी लिहिलं होतं: "चालेल." मी शिरीषला दाखवलं. मला रडू आलं ते मी लपवलंही नाही.

आठवडाभर आम्ही त्या फाईलवर जगलो. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि वरच्या लिफ्ट बंद झाल्या. फाईलमध्ये होतं: "वारा असेल तर खालचा उतार, बस समोरच्या थांब्यावरून, जेवण लवकर उरका." शिरीष हातमोजे विसरला. फाईलमध्ये होतं: "शिरीष हातमोजे विसरेल. जादा जोडी मुग्धाच्या बॅगेत." माझ्या बॅगेच्या तळाशी खरंच होती. ती भाऊंनी कधी ठेवली, मला आजही माहीत नाही. चौथ्या दिवसाच्या पानावर मात्र एका उताराच्या नावाखाली एवढंच होतं: "दुपारी इथून मी एकटा खाली येईन. तुम्ही खाली कॉफी घ्या. कोणी फोटो काढू नये."

मी त्या उतारावर गेले. वर उभं राहून फोन लावला. जय भीम झालं, धाप झाली. ते पायवाटेवर होते.

"भाऊ, मी तुमच्या उतारावर उभी आहे. व्हिडिओ लावू?"

"नको." पावलं चालूच होती. "आभाळ कसं आहे?"

"निळं. एकही ढग नाही."

"बरं. आता फोन खिशात ठेव, पडशील."

मी चार वेळा पडले. तरी खाली आले.

उत्तर आलं मार्चच्या शेवटी, आणि ते नाही असं आलं. मे महिन्यात भाऊ नागपूरला परतले. वहिनी तिथे शाळेत मुख्याध्यापिका आहेत, त्यांना आनंद झाला, आणि भाऊंनाही झाला असेल. इथल्या मराठी पोरांची भाऊ रविवारी गणितं घ्यायचे, ती आता कोणी घेत नाही. त्यांचे स्कीचे बूट आमच्या जिन्याखाली आहेत. व्हॅक्यूम काढताना ते दर वेळी मध्ये येतात, मी दर वेळी वैतागते, आणि शिरीषनं ते कुणाला देऊन टाकू का विचारलं की त्याच्यावरच खेकसते.

पुढच्या फेब्रुवारीतल्या शामोनीचं प्लॅनिंग माझ्याकडे आहे. गंमत म्हणजे फोन करताना मीही आता बागेच्या दारापर्यंत जाऊन येते. परवा भाऊंना फोन केला. तिकडे बेचाळीस डिग्री होतं आणि हा माणूस गच्चीवर फेऱ्या मारत होता. प्रत्येकाचे कागद तपासले का, बस थांबा बदलला का, शिरीषसाठी जादा हातमोजे घेतले का, सगळं विचारून झालं.

"भाऊ," मी म्हटलं, "नागपूरहून फक्त युरोपचा व्हिसा लागेल तुम्हाला. मी नऊ ओळी केल्यात. नवव्या ओळीत काय लिहू?"

पावलं थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती थांबलेली मी ऐकली.

"काही लिहू नको," भाऊ म्हणाले. "रिकामी ठेव. तपासून सांगतो."