बाळापूरजवळची सरहद्द

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, "सरहद्दीच्या प्रश्नाचा काही प्रत्यक्ष अनुभव आहे का तुम्हाला?"

"आहे," मी म्हणालो, "एकदा मी स्वतः ओलांडली आहे."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे आदराने पाहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढे हिमालय उभा राहिला असावा. वास्तविक मी उत्तरेला इटारसीच्या पलीकडे कधी गेलेलो नाही. मी ओलांडली ती सरहद्द बाळापूरजवळच्या एका काळ्याभोर वावरात होती, आणि ओलांडताना माझ्या हातात वखराचं रुमणं, म्हणजे बैलांमागे धरायची मूठ, होतं. पदवी मिळाली. दया येऊन दिली की कंटाळून, ते अजून कळलेलं नाही.

तेव्हा मी अमरावतीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात हिंदुस्थान-चीन सरहद्दीवर प्रबंध लिहीत होतो. साधनं म्हणजे मुंबईहून दुसऱ्या दिवशी येणारं वर्तमानपत्र आणि लायब्ररीतलं एक जुनं नकाशांचं पुस्तक. त्यातला तिबेट बराचसा झुरळांनी खाल्ला होता. वादग्रस्त मुलूख कोणाचा, हा प्रश्न त्यांनी आपल्या परीने निकालात काढला होता. पण माझा सिद्धान्त तयार होता. रेघ मोघम असली की भांडण होतं. ती नीट मोजा, दगड रोवा, की दोन्ही बाजू सुखाने झोपतात. पंचशीलावर माझी श्रद्धा होती आणि दगडांवर त्याहून जास्त. पुढे दिवाळीच्या तोंडावर हिमालयात काय झालं ते सगळ्या देशाला कळलं. माझा प्रबंध मात्र पावसाळ्यातच टाइप होऊन गेला होता, त्यामुळे त्यात शेवटपर्यंत शांतताच होती.

सासुरवाडी बाळापूरजवळच्या खेड्यातली. सासऱ्यांनी गावात "आमचे जवाई सरहद्दीचं काम करतेत" असं सांगून ठेवल्यामुळे निम्मं गाव मला फौजेतला समजे आणि उरलेलं मोजणी खात्यातला. माझी शरीरयष्टी पाहून पहिल्या निम्म्यातले लोकही हळूहळू दुसऱ्यात गेले.

सासरे आणि त्यांचे थोरले भाऊ यांची वावरं लागून. मध्ये धुरा, म्हणजे गवत माजलेला बांध. वाटण्या झाल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. अपवाद फक्त उन्हाळ्याचा. पेरणीआधीची वखरणी सुरू झाली की एका साली थोरल्यांचा वखर धुरा कोरत आमच्या वावरात शिरे, पुढच्या साली आमचा त्यांच्या. मग धुऱ्यावर भांडण. "भाऊ हायेस का दरोडेखोर?" इथून सुरू होऊन ते आज्याच्या अफूपर्यंत जाई. त्यानंतर ज्याच्या वावरात घुसखोरी झाली असेल तो तरातरा दुसऱ्याच्या घरी तक्रार न्यायचा. घरी आलेल्याला पाणी द्यावं लागे. दिवस आंब्याचे, त्यामुळे पाण्यामागून रस येई. रसाबरोबर पोळ्या. दोघे भाऊ एका पंगतीत जेवत आणि उठताना पुन्हा अबोला धरत, तो पुढच्या वखरणीपर्यंत.

बासष्टच्या उन्हाळ्यात धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं आणि आम्ही सुटीत तिकडे गेलो. त्या साली घुसायची पाळी आमची होती. सासऱ्यांनी बैल जुंपायला काढले आणि सहज, तंबाखू मळता मळता, मला विचारलं, "काय म्हनते तुमचं शास्त्र, जवाईबापू? धुऱ्याचं?"

ते सहज होतं हे मला कळलं नाही. विद्वानाला कोणी सहज प्रश्न विचारत नाही, अशी माझी समजूत होती. मी पडवीत बसवून त्यांना तासभर व्याख्यान दिलं आणि दोनच दिवसांत ओळखीने एक सरकारी मोजणीदार साखळीसकट वावरात आणून उभा केला. सासरे "अहो, पन..." म्हणत राहिले. मोजणी झाली. रेघ बरोबर जुन्या धुऱ्यावरूनच गेली. कोणी कोणाचं बोटभरही खाल्लेलं नव्हतं. मी रांगेने दगड रोवून घेतले, त्यांना चुना लावला, आणि लांबून पाहिलं तर प्रबंधातलं शेवटचं प्रकरण उन्हात उभं असल्यासारखं दिसलं.

थोरले सासरे त्यांच्या निंबाखाली उभे राहून सगळं पाहत होते. "सरकारची साखळी आली भावाभावाच्या वावरात," ते म्हणाले. "चांगलं झालं." आणि न ओरडता घरी गेले.

मी सासऱ्यांना म्हणालो, "पाहिलंत? कटकट संपली."

"संपली," सासरे म्हणाले, आणि बैल सोडून दिले.

लग्न चार दिवसांवर आलं. मांडव पडला, पाहुणे उतरायला लागले, आणि थोरले आले नाहीत. मेव्हणी त्यांच्या खांद्यावर बसून मोठी झालेली. अबोला मोठ्या माणसांचा, तिला कधी लागू नव्हता. ती हळद लावून घेईना. "मोठेबाबा मांडवात दिसल्याशिवाय मी बोहल्यावर चढत नाई," तिने सांगून टाकलं. मुलाकडची मंडळी अकोल्याची, चौकस. घरचा थोरला माणूस नाही म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला असता.

"मग मी जाऊन आमंत्रण देतो," मी म्हणालो. "अक्षत घेऊन, रीतसर. मध्यस्थ म्हणून."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बायको म्हणाली, "घरच्या मानसाले अक्षत देतेत काय? तो का पाहुना हाय? अक्षत नेली तं ते जन्मात येनार नाईत."

"मग न बोलावता येतील?"

"बिनकामाचे कसे येतीन? भांडाले याचं असतं तं आले असते! सालाआड त्याच्यासाठीच तं येतेत. ते तुमी बंद करून टाकलं." तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं पुढे त्या परीक्षकांनीही पाहिलं नाही.

माझ्या लक्षात आलं, की दोन राष्ट्रांमधली एकुलती एक वकिलात मी चुना लावून बंद केली होती.

"तुझ्या बाबांना सांगू का, वखर घालायला?"

"बाबा कशाले घालतीन? तुमचे गोटे हायेत तिथं. जवायाचा मान मोडतीन काय ते? तुमीच जा."

तर सकाळी उन्हं चढायच्या आधी मी पंचशील आणि पायजमा दोन्ही वर खोचून वखर जुंपून घेतला. मनात आखणी चोख होती: दगडांच्या पलीकडे एकच पट्टा वखरायचा, तोही मर्यादित स्वरूपात, आणि मागे फिरायचं. बैलांना मात्र ही मर्यादा कोणी समजावलेली नव्हती. एका सालाआड ते त्या वावरात जात आलेले, आणि धुऱ्यावरचं भांडण लांबलं की सुटून पाणी प्यायला जात. निंबाची सावली आणि विहिरीवरची पाण्याची टाकी त्यांना पाठ होती. दोन दगड उलथवून ते जे निघाले ते मला मागे फरफटत थेट विहिरीपाशी थांबले आणि पाणी प्यायला लागले.

"कोन व्हय रे तो?" निंबाखालून आवाज आला.

"मी. जवाई."

"प्रोफेसर?" थोरले उठून जवळ आले. आधी त्यांनी वखराने उमटवलेला नागमोडी पट्टा पाहिला, मग मला. "अर्धं वावर ओलांडून विहिरीवर आले तुमी! आमी दोघं भाऊ इतक्या सालात कधी एका पट्ट्याच्या पुढं गेलो नाई. काहून? हे शिकवून राहिले काय पोराईले अमरावतीत?"

"चूक झाली," मी म्हणालो.

"चूक! चाल करून आले अन् चूक म्हनून राहिले. थांबा, तुमच्या सासऱ्यालेच इचारतो." त्यांनी फेटा सारखा केला. तो सारखा करताना त्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी काम मिळालेल्या माणसासारखा दिसत होता.

ते मांडवातून तणतणत ओसरीवर आले. सासूबाई दाराआड पदर ओढून उभ्या. थोरल्या दिराशी थेट बोलायची रीत नव्हती, त्या पाण्याच्या घागरीला म्हणाल्या, "उन्हातून आले, पानी घ्या म्हनावं."

थोरले खांबाला म्हणाले, "पानी राहू द्या. आधी जवायाले दाव्यानं बांधा म्हनावं."

"बांधू म्हनावं. लगीन झाल्यावर," सासूबाई घागरीला म्हणाल्या.

"वावर कोनाचं? कोनाच्या बापाचं?"

"दोघाईच्या बापाचं हाय म्हनावं," सासरे आतून ओरडत बाहेर आले, आणि माझ्या सिद्धान्ताची काळजी न करता भांडण आज्याच्या अफूपर्यंत गेलं. पाहुणे घाबरून एका बाजूला सरकले. मेव्हणी स्वयंपाकघरातून रसाचं पातेलं घेऊन आली आणि मोठेबाबांसमोर पाट मांडला. त्यांनी पाटाकडे पाहिलं, तिच्या कोऱ्या हातांकडे पाहिलं.

"हळद नाई लावली अजून?"

"तुमी कुठी होते?"

ते बसले. रस चार वाट्या झाला. त्यानंतर ते लग्न लागेपर्यंत घरी गेलेच नाहीत; मांडवाचा प्रत्येक खांब चुकीच्या जागी आहे, हे त्यांनी मांडववाल्याला दोन वेळा पटवून दिलं. अकोल्याच्या व्याह्यांना माझी ओळख त्यांनीच करून दिली: "हे आमचे मोठे जवाई. भले मानूस. पन बैलापाशी उभं नका करू."

मेव्हणीची पाठवणी झाली, गाडी वळणाआड गेली. थोरल्यांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले.

"प्रोफेसर, ते गोटे काढून टाका. पुढच्या साली पाळी माही हाय. माह्या बैलाच्या पायाले लागतीन."

संध्याकाळी मी पहार घेऊन वावरात गेलो. सासरेही मागोमाग आले आणि धुऱ्यावर बसून तंबाखू मळत माझ्याकडे पाहत राहिले. शेवटच्या दगडाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"तो राहू द्या, जवाईबापू. भांडाले कामी येईन."